मार्लबेकच्या गर्दीतला विनय

विनय गजभिये आइंडहोव्हनच्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि शेजारच्या न्यूनेनमध्ये घर घेऊन राहत होता. ऑफिसात त्याची एक गोष्ट चेष्टेचा विषय होती. आइंडहोव्हनला स्वतःचा नावाजलेला फुटबॉल संघ असताना हा गृहस्थ मार्लबेक टाउन नावाच्या, कुणी कधी न ऐकलेल्या इंग्लिश क्लबचा पाठीराखा होता. सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी डच सहकारी मुद्दाम विचारत, की परवा किती गोल खाल्ले. विनय मन लावून सांगायचा.

मार्लबेक हे उत्तर इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या विणकरांनी हा क्लब काढला, म्हणून त्यांच्या शर्टावर आजही मागावर आडवा धागा नेणारा धोटा आहे. मैदान गिरणीच्या मागच्या उतारावर. एका बाजूचा गोल दुसऱ्यापेक्षा चांगला हातभर खाली, त्यामुळे टॉस जिंकला की कुठली बाजू घ्यायची याचा विचार करावा लागत नसे. पन्नासच्या दशकात त्यांनी एकदा कप स्पर्धेत पहिल्या विभागातल्या बड्या संघाला घरी बोलावून हरवलं. त्या दिवशी गिरणीने भोंगा वाजवला होता म्हणतात. मग गिरणी बंद पडली, लाकडी स्टँड जळाला, संघ घसरत घसरत लीगच्या बाहेर गेला.

२००१ साली विनय नागपूरहून मास्टर्स करायला त्या भागात गेला, तेव्हा क्लब पुन्हा वर यायला धडपडत होता. पहिल्या थंडीत एकटा पडलेला हा मुलगा एका शनिवारी गर्दीच्या मागे मागे मैदानावर गेला आणि शर्टावरचा धोटा पाहून थबकला. त्याने घरी फोन करून वडिलांना सांगितलं. मोहनराव स्वतः नागपूरच्या गिरणीत होते, त्यांचे वडील भीमसेन तर आयुष्यभर तिथेच. मोहनराव इतके हसले, की फोनचे पैसे त्यातच गेले. त्या दिवसापासून मार्लबेक टाउन हा गजभियांच्या घरचा संघ झाला.

पुढे मालिनीशी लग्न झालं, तिला रिसर्चची नोकरी मिळाली म्हणून दोघं नेदरलँड्सला आले, मुलगी अश्लेषा झाली. विनय कधी परत मार्लबेकला गेला नाही, पण निकाल चुकवला नाही.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. मध्यंतरी वर जाऊन पुन्हा लीगबाहेर घसरलेलं मार्लबेक त्या वर्षी आपल्या खालच्या विभागात पहिल्या नंबरवर होतं. तरी हंगाम रद्द झाला, आणि झालेले निकालही पुसून टाकले गेले. जिंकलेलंसुद्धा गेलं, हे विनयला फार लागलं. क्लबच्या स्वयंसेवकांनी मग एक गोष्ट केली. मैदान ओस पडलेलं, तर दर शनिवारी दुपारी, एरवी सामना सुरू व्हायचा त्या वेळेला, ते जुन्या सामन्यांच्या टेप इंटरनेटवर दाखवू लागले.

चौदा वर्षांची अश्लेषा ऑनलाइन शाळेला कंटाळली होती. एका शनिवारी ती सहज बापाच्या शेजारी येऊन बसली आणि मग दर शनिवारी बसू लागली. एरवी तो मराठीत बोलायचा, ती डचमध्ये दोन शब्दांत उत्तर देऊन खोलीत जायची. आता ती विचारू लागली. तो उतार खरंच आहे का, स्टँड कसा जळाला, भोंग्याची गोष्ट खरी का. विनयचा जुना लाल-पांढरा स्कार्फ तिने स्वतःच्या खोलीच्या दाराला अडकवला. मालिनी म्हणायची, की या रोगाने आमच्या घरात एवढं एक चांगलं केलं.

जूनमध्ये आइंडहोव्हनला वंशभेदाविरुद्ध निदर्शनं झाली. अश्लेषाला जायचं होतं. विनय तिला घेऊन गेला, आणि मास्क लावून, माणसांमध्ये अंतर राखून उभं असताना त्याने तिला पणजोबांची गोष्ट सांगितली. भीमसेन गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात होते. विणाई खात्यात मजुरी चांगली, काम मानाचं, पण तिथे त्यांना कधी घेतलं नाही. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या थुंकीने ओला झालेला धागा इतर कामगारांना चालत नसे. अश्लेषाने हे घरी येऊन शाळेच्या निबंधात लिहिलं. शिक्षिकेने तो निबंध वर्गाला वाचून दाखवला.

ऑगस्टमध्ये क्लबने जाहीर केलं, की येत्या शनिवारी २००२चा शेवटचा सामना दाखवणार. तोच, ज्यात जिंकून मार्लबेक लीगमध्ये परतलं होतं. विनय आठवडाभर हवेत होता. त्या सामन्याला तो हजर होता, अगदी पुढे, रेलिंगला टेकून. त्याने अश्लेषाला सांगून ठेवलं, की नीट बघ, मी दिसेन.

तो दिसला. सामन्याच्या उत्तरार्धात पाहुण्या संघाचा विंगर, क्लाइव्ह ऑगस्टीन नावाचा काळा खेळाडू, चेंडू आत फेकायला रेषेपाशी आला. कॅमेरा त्याच्यावर होता आणि त्याच्या मागे गर्दी. गर्दीतून माकडाचे आवाज येऊ लागले. एकदोघांचे नव्हे, एक अख्खा कोपरा तालात करत होता. ऑगस्टीन मान खाली घालून उभा होता. त्याच्या खांद्यामागे लाल-पांढरा स्कार्फ गुंडाळलेला, चष्मा लावलेला सावळा पोरगा दोन्ही हात काखेत नेऊन तोंडाचा चंबू करून तेच आवाज काढत होता, आणि मधेच शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होता.

अश्लेषाने व्हिडिओ थांबवला. ती डचमध्ये बोलायची, पण तेव्हा मराठीत बोलली.

"बाबा, हा तू आहेस?"

"नाही," विनय म्हणाला.

ती उठून खोलीत गेली. दाराचा स्कार्फ संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावर नीट घडी करून ठेवलेला होता.

विनयला ते खरंच आठवत नव्हतं. त्या दिवसाचं त्याला गोल आठवत होते, मैदानात धावलेली माणसं आठवत होती, अनोळखी म्हाताऱ्याने मारलेली मिठी आठवत होती. हे मात्र कुठे गेलं होतं कोण जाणे. पण बघितल्यावर सगळं अंगावर आलं, त्या शेजाऱ्याच्या जॅकेटच्या वासासकट. दुसऱ्या दिवशी डोमेल नदीच्या काठाने फिरताना त्याने मालिनीला सांगितलं. ती पुण्याच्या बौद्ध कुटुंबातली, मोजकं बोलणारी.

"घाबरून केलंस का?" तिने विचारलं. "नाही केलं तर तुझ्यावर उलटतील म्हणून?"

तिने त्याला एक वाट काढून दिली होती. ती घ्यावी असं त्याला क्षणभर वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "मला मजा आली होती. वर्षभर सगळे माझ्याकडे बघायचे. त्या दिवशी माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते."

मालिनीने त्याचा हात धरला नाही. घरी येईपर्यंत तिने एवढंच म्हटलं, की मुलीशी खोटं बोललास ते आधी निस्तर.

त्याने निस्तरलं. अश्लेषाच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, की तो मीच होतो. तिने मान हलवली. तिला माहीत होतं. त्याने माफी मागायला सुरुवात केली तेव्हा तिने डचमध्ये विचारलं, की माझ्याकडे कशाला मागतोस.

क्लबची महिन्यातून एकदा पाठीराख्यांची ऑनलाइन बैठक व्हायची. पुढच्या बैठकीत सगळे त्या सामन्याच्या आठवणी काढत होते. विनयची पाळी आल्यावर त्याने त्या मिनिटाबद्दल सांगितलं, आणि त्यात मीही आहे हे सांगितलं. बैठक चालवणारा निवृत्त शिक्षक सावकाश म्हणाला, की तो काळ वेगळा होता. एक बाई म्हणाल्या, आनंदाच्या दिवसाला कशाला डाग लावता. कुणीतरी बोललं, की हा तर स्वतःच इंडियन आहे, म्हणजे तसं काही नसणार. या शेवटच्या वाक्याने विनयला सगळ्यात जास्त मेल्यासारखं झालं, कारण ते त्याचा ढाल म्हणून वापर करत होते आणि ती ढाल त्यानेच त्यांना दिली होती. बैठक संपल्यावर एका तरुण स्वयंसेविकेने त्याला कळवलं, की व्हिडिओ राहील, पण तो भाग सुरू होण्याआधी काय घडलं ते स्पष्ट लिहिलं जाईल. तसं झालंही.

ऑगस्टीनला शोधणं कठीण नव्हतं. तो आता मुलांना प्रशिक्षण देत होता. विनयने बऱ्याच वेळा खोडून खोडून त्याला ईमेल लिहिली. पहिल्या मसुद्यात आजोबा, गिरणी, धागा सगळं होतं. अश्लेषाने ते वाचलं आणि म्हणाली, की हे काढ, तू स्वतःबद्दलच लिहितोयस. त्याने काढलं. उरल्या चार ओळी.

उत्तर आठवड्याभराने आलं. ऑगस्टीनने लिहिलं होतं: "मला तू आठवत नाहीस. तुम्ही पुष्कळ होतात. त्या दिवशी माझी आई सामना बघायला आली होती, ते आठवतं. तू लिहिलंस हे बरं केलंस. माझ्याकडून तुला आणखी काही हवं असेल, तर ते माझ्याकडे नाही."

विनयने ते मालिनीला दाखवलं, अश्लेषाला दाखवलं. पुन्हा लिहिलं नाही.

२०२१च्या उन्हाळ्यानंतर मैदानं उघडली. मार्लबेकने नव्याने सुरुवात केली आणि चांगली केली. अश्लेषा हळूहळू पुन्हा बापाशी बोलू लागली, मुख्यतः शाळेबद्दल, सायकलबद्दल. शनिवारी ती मैत्रिणींकडे जायची. एकदा आर्नहेमहून परत येताना गाडीत तिने विचारलं, की आजोबांना सांगितलंस का. विनय म्हणाला, नाही. सांगणार आहेस का, हे तिने विचारलं नाही.

मोहनराव आता ऐंशीच्या पुढचे आहेत. कोरोनात ते घरातच अडकले होते, तेव्हापासून शनिवारी रात्री झोपण्याआधी विनयला फोन करायची सवय लागली आहे. प्रकृतीची चौकशी झाली की ते विचारतात, "काय रे, आपल्या विणकरांचं काय झालं आज?"

आणि विनय त्यांना किती गोल झाले ते सांगतो.