वामनभाऊ त्या दिवशी हजर नव्हते

वामनभाऊ डिग्रसकर गेल्याची बातमी मला सौंसरच्या कोर्टात, भर पेशीत कळली. माझ्या साक्षीदाराचं बयान चाललं होतं. शिपाई आत आला, जज्जसाहेबांच्या कानाशी वाकला, आणि साहेबांनी पेन खाली ठेवून हिंदीत सांगितलं की इथले ज्येष्ठ वकील डिग्रसकरजी आज सकाळी नागपूरच्या दवाखान्यात वारले, तेव्हा दोन मिनिटं मौन... आम्ही सगळे उभे राहिलो. माझा साक्षीदार पिंजऱ्यात हात जोडून उभा होता. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. मौन संपताच मागून कुणीतरी हळू आवाजात पुढची तारीख मागितली. मग मीही मागितली. या गोष्टीला आता दीड महिना होतो आहे. तुम्ही त्यांचे पहिले ज्युनिअर, पुरवणीसाठी लिहा, असं वर्तमानपत्राकडून पत्र आलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. त्यांच्याबद्दल चांगलं तेवढंच लिहावं तर ते अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं मी त्यांच्या हयातीत कुणापाशी बोललो नव्हतो.

मी त्यांच्याकडे गेलो ते ऐंशी साली. नागपूरहून वकिलीची पदवी घेऊन आलो होतो. बाप शेतमजूर, घर बौद्ध वस्तीतलं. सौंसरच्या तीन वकिलांनी मला आपल्याकडे जागा नसल्याचं सांगितलं. चौथे वामनभाऊ. त्यांच्याकडे जायचं माझ्या मनात नव्हतं, कारण त्यांच्या घराच्या ओसरीवर पक्षाचा झेंडा होता, आणि तो पक्ष आमच्या वस्तीचा नव्हता. पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर लोक नावच वाचतील. व्यापारी, बागाईतदार आणि देवळाच्या कमिटीवरची माणसं त्यात होती, एवढं पुरे. वामनभाऊ तहसीलचे अध्यक्ष. आणीबाणीत एकोणीस महिने तुरुंगात राहून आले होते. त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला आणि म्हणाले, "उद्यापासून ये. ड्राफ्ट बरा करतो तू." पुढं कळलं की त्याच संध्याकाळी पक्षाची दोन माणसं तक्रार घेऊन आली होती. वामनभाऊंनी त्यांना, मी ज्युनिअर ठेवून राहिलो, जावई नाही करून राहिलो, असं सांगून वाटेला लावलं. लोक हा किस्सा त्यांच्या मोठेपणाचा म्हणून सांगतात. मी तो ऐकताना दर वेळी हसलो आहे, पण हसायचं कसं हे मला अजून नीट जमत नाही. पाच वर्षं मी त्यांच्या बैठकीत बसलो. वहिनींचा चहा बैठकीत यायचा, फराळ बैठकीत यायचा. आतलं घर मी पाहिलं नाही. त्यांच्या ते कधी लक्षातही आलं नाही, आणि मी बोललो नाही.

वकील म्हणून मात्र त्यांच्यासारखा माणूस आमच्या कोर्टात पुन्हा होणार नाही. आमचं कोर्ट हिंदी, माणसं मराठी. जज्ज यायचे रीवा, सागरकडचे. एकदा एका बाईनं बयानात सांगितलं, यानं भर बाजारात माझी चेष्टा केली. नवे जज्ज गंभीर झाले आणि विचारू लागले, कशाची चेष्टा, कारण हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. समोरच्या वकिलानं ते तसंच राहू दिलं, त्याला ते सोयीचं होतं. वामनभाऊ उठले आणि अर्धा तास शांतपणे जज्जसाहेबांना आमची बोली समजावत राहिले... राग म्हणजे गाण्यातला नव्हे, शिक्षा म्हणजे शाळेतली नव्हे, आणि बाई जेव्हा माझा संसार उघड्यावर आला म्हणते तेव्हा ती जगाबद्दल बोलत नसते. पुढं ते जज्ज मराठी साक्षीदार उभा राहिला की आधी वामनभाऊंकडे पाहायचे. खेड्यातली माणसं त्यांच्याकडे यायची ती यासाठी. आपलं बोलणं हा माणूस कागदावर आहे तसं उतरवील, एवढाच त्यांचा भरवसा होता.

त्याच भरवशानं आमच्या गावची अकरा घरं त्यांच्याकडे आली. त्यात माझी गोदाआत्या होती. आणीबाणीच्या काळात सरकारनं या भूमिहीन घरांना पडीक जमिनीचे पट्टे दिले होते. पट्ट्यांचे कागद हातात, जमीन दुसऱ्याच्या ताब्यात. शेजारच्या बागाईतदारानं तिला केव्हाच कुंपण घातलं होतं, आणि हा बागाईतदार वामनभाऊंच्या पक्षाचा तहसीलमधला सगळ्यात मोठा आधार होता. मला वाटलं, ते केस घेणार नाहीत. त्यांनी पट्टे उजेडाकडे धरून पाहिले आणि वकालतनामे काढायला सांगितले. मी विचारलं, पक्षात काय म्हणतील. म्हणाले, "मला आत टाकणाऱ्यांनी तेवढं एक बरं काम केलं. ते तरी पुरं होऊ दे." त्या दिवशी मी आत्याला सांगितलं की जमीन मिळाली समज. असं कुणाला सांगू नये हे मला वकिलीच्या पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं.

दावा अडीच वर्षं चालला. अकराही जणांची बयानं त्यांनी स्वतः घेतली. गोदाआत्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. समोरचा वकील घाई करू लागला. वामनभाऊंनी जज्जसाहेबांना विनंती केली की तिला पाणी द्यावं आणि वेळ द्यावा. मग ती बोलली, आणि असं बोलली की कुंपणाचे खांब कुणी, कुठल्या बाजूनं रोवले ते सगळं कागदावर आलं. आम्ही जिंकत होतो. हे मी आज आठवणीच्या भरात म्हणत नाही. समोरच्या वकिलानंही नंतर माझ्याजवळ ते मान्य केलं.

पण विधानसभेची निवडणूक तोंडावर आली. वामनभाऊ पंधरा वर्षं बाजारचौकात उभं राहून भाषणं करत होते, सायकलवर झेंडा लावून लोधीखेडा, बोरगाव फिरत होते, पक्षाला कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून. या वेळी तिकीट त्यांनाच, असं सगळे म्हणायचे. पांढुर्ण्याला पक्षाच्या बैठका सुरू झाल्या. तिथून परतल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं की या दाव्यात तडजोड होईल का, चार घरांना जमीन आणि बाकीच्यांना कामाची हमी. मी म्हटलं, अकरा पट्टे आहेत. ते हो म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं.

अंतिम युक्तिवादाची तारीख लागली होती, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला छिंदवाड्याला जायला सांगितलं. जिल्हा कोर्टातून एका जुन्या निकालाची नक्कल हवी, उद्याच हवी. मी म्हटलं, उद्या आपला युक्तिवाद आहे. ते म्हणाले, "मी आहे ना." मी सकाळच्या बसनं घाट चढून गेलो. नक्कल मिळाली. तिची कशालाच गरज नव्हती हे मला परतताना बसमध्ये ती वाचल्यावर कळलं, तरी मी स्वतःला समजावत राहिलो. दुपारी कोर्टाच्या आवारात उतरलो तर आमची अकरा घरं चिंचेखाली बसलेली. आत्यानं मला पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब काहून नाही आले, बापू?" तीन वेळा पुकारा झाला होता. आत्या स्वतः दारात जाऊन, आमी हाओ, आमी हाओ, म्हणत उभी राहिली होती. पण वकील नाही, आणि तिचं बोलणं हिंदीत सांगणारंही कुणी नाही. दावा अदम पैरवीत खारीज. अदम पैरवी, म्हणजे दावा चालवायला कुणी हजर नाही. अकरा माणसं हजर होती.

वामनभाऊ त्या वेळी पांढुर्ण्यात बैठकीला बसले होते.

कायद्यात याला उपाय असतो. तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा, वकिलाला का येता आलं नाही ते शपथेवर लिहून द्यायचं, दावा पुन्हा सुरू होतो. आजारपण लिहितात, बस चुकली लिहितात, रोजचं आहे. अर्ज मी लिहिला आणि शपथपत्रासाठी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला. मी त्यात ताप लिहिला होता. त्यांनी कागद बाजूला सरकवला. "शपथेवर खोटं नाही लिहिणार मी. आजवर नाही लिहिलं." मी म्हटलं, मग खरं लिहा. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खरं लिहिलं असतं तर तिकीट गेलं असतं आणि कदाचित सनदही. तीस दिवस मी रोज तो कागद घेऊन बसलो. एकतिसाव्या दिवशी माझी पुस्तकं घेऊन निघालो. त्यांनी अडवलं नाही. तिसाव्या दिवशी त्यांच्या सहीशिवायच मी अर्ज लावला होता, त्याचं व्हायचं तेच झालं. वर अपील केलं, तेही गेलं.

तिकीट त्यांना मिळालं नाही. बागाईतदाराच्या भाच्याला मिळालं. आणि वामनभाऊ त्याच्यासाठी गावोगाव फिरले. कोर्टाबाहेर मांडलेल्या माझ्या टेबलासमोरून त्यांची जीप जायची. भोंग्यावर त्यांचा आवाज, तोच स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा. भाचा पडला. त्यानंतर पक्षानं त्यांना कशाला बोलावलं नाही, आणि खेड्यातली माणसंही हळूहळू यायची थांबली. आमच्या भागात बातमी कोर्टाच्या कागदावरून नाही फिरत. आठवडी बाजारात फिरते. कोर्टात ते रोज यायचे, काळा कोट नीट घालून, बार रूममध्ये पेपर वाचून घरी जायचे. मी नमस्कार करायचो. ते मान हलवायचे. चार वर्षं एवढंच.

मधुमेहानं त्यांचा पाय गेला तेव्हा मी भेटायला गेलो. यंदाच्या पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. बैठकीत खाटेवर बसले होते, गुडघ्याखाली चादर सपाट. इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "त्या जमिनीवर काय आहे आता?"

"संत्र्याची कलमं लावली. औंदा पहिला बहार धरला."

ते म्हणाले, "मी सही करून द्यायला पाहिजे होती."

"खऱ्यावर का खोट्यावर?" मी विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं, विचारून बसलो.

"कशावरही," ते म्हणाले. पुन्हा खिडकीकडे पाहत राहिले. मग विचारलं, "आता काही होऊ शकत असेल का, प्रल्हाद?" ज्यांच्याकडून मी कायदा शिकलो ते मला हे विचारत होते. मुदतीचा कायदा त्यांना माझ्याहून अधिक पाठ होता. मी म्हटलं, नाही, भाऊ. खोटं बोलायला हवं होतं का, कोण जाणे. वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी घेतला नाही.

ते गेल्यावर नगरपालिकेच्या सभागृहात शोकसभा झाली. बागाईतदार पहिल्या रांगेत होते. निष्ठा, त्याग, तुरुंगवास, सगळं बोललं गेलं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी आजारी असल्याचं सांगितलं. मागच्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला: बैठक पक्षवाले कार्यालयासाठी मागून राहिले आहेत, जुन्या फायली तुम्ही पाहून घ्या. मी दोन दिवस बसून त्या लावल्या. आमच्या गावच्या दाव्याची फाईल कपाटात तळाशी होती. तिच्यात शेवटी, टाचणीनं लावलेले नऊ कागद निघाले. त्यांच्या बारीक अक्षरात त्या दिवसाचा युक्तिवाद. अर्धवट नव्हता. कुठं थांबायचं, कुठल्या पट्ट्यावर जज्जसाहेबांचं लक्ष वेधायचं, गोदाबाईच्या बयानातला कोणता शब्द हिंदीत कसा सांगायचा, सगळं होतं. वर तारीख आदल्या दिवसाची. म्हणजे मला छिंदवाड्याला जायला सांगितलं त्या दिवशीही ते हे लिहीत बसले होते... जायचं की नाही, हे कधी ठरलं असेल त्यांचं, मला ठाऊक नाही. आता कळायची सोयही नाही.

रविवारी ती फाईल घेऊन मी गावी गेलो. आत्या आता त्याच बागेत रोजानं जाते, आपल्याच पट्ट्यावरची संत्री तोडते. जेवणाच्या सुट्टीत ती कुंपणाबाहेर येऊन बसली. मी तिला नऊही कागद वाचून दाखवले, हिंदीचं आमच्या बोलीत सांगत. ती भाकर हातात धरून ऐकत राहिली. तिचं नाव आलं तिथं तिनं एकदा मान वर केली. वाचून संपलं तेव्हा मी विचारलं, हे तुझ्यापाशी ठेवू का.

"नाही बापू. माह्या घरी पाणी गळते," ती म्हणाली. "बोलले असते तर चांगलं बोलले असते."

मुकादमानं हाक मारली. तिनं उरलेली भाकर फडक्यात बांधली आणि तारेखालून वाकून आत गेली.