मायव्वाने ठेवलेला बेलभंडारा

मायव्वाला छावणीत काम मिळालं, ते पोरांची डोकी फुटली म्हणून.

२०१३चा उन्हाळा होता. पालीजवळच्या बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि वरच्या माळावर एका सहकारी दूध संघानं जनावरांची छावणी उघडली होती. मोठी माणसं कामाच्या शोधात पांगलेली, म्हणून जनावरांसोबत राहायला आली ती बहुतेक तरणी पोरं-पोरी: गावातल्या शेतकऱ्यांची, तांड्यावरच्या लमाणांची, चौसाळ्याकडच्या मुसलमानांची, तेलुगू बोलणाऱ्या वडारांची. टँकर आला की जो तो आपल्या भाषेत शिव्या देई. समोरच्याला बाकी भाषा कळत नसे, शिव्या बरोबर कळत, आणि मग दगड उडत.

मायव्वा विजापूरकडच्या धनगराची पोर. दुष्काळात बापानं मेंढरं विकली, तेव्हा ती मामासोबत, धुळाजीसोबत, इकडं आली. मेंढरांमागं फिरून तिला लमाणी येत होती, दखनी कळत होती आणि मराठी ती कानडी हेल काढून बोलायची. संघाचे चेअरमन सुंदरराव तिला म्हणाले, "पोरं सांभाळ. भांडण न्हाई झालं पायजे. बाकी तू काय बी कर."

तिनं मेंढपाळाचं काम केलं. खांडात, म्हणजे कळपात, नवं मेंढरू आलं की धनगर ते जुन्या मेंढराच्या गळ्याला बांधतो. दोन-चार दिवस ओढाताण होते, मग दोरी सोडली तरी दोघं जोडीनंच चरतात. मायव्वानं टँकरवर जोड्या लावल्या. एका ड्रमला दोन हात, दोन वेगळ्या वस्त्यांचे. जोडी आली नाही तर पाणी नाही.

"आमी काय मेंढरं हाव का?" एका पोरानं विचारलं.

"मेंढरं बरी. ती दगड मारत न्हाईत," मायव्वा म्हणाली.

भांडणं थांबली. संध्याकाळी पोरं रिकाम्या शेडमध्ये बसू लागली. कुणी वाचायला शिके, कुणी मोबाइलवर गाणी लावी, कुणी नुसतं थट्टा करी. छावणीत सगळ्यांची म्हणून तेवढी एकच जागा होती.

मग गावातले संघाचे सभासद विठ्ठलराव, त्यांच्या पोरीनं, सत्यभामानं, ड्रमच्या आपल्या जोडीदारणीच्या, तांड्यावरच्या जमुनाच्या, फडक्यातली भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव तक्रार घेऊन सुंदररावांपुढं उभे राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदररावांचा निरोप आला: शेडमध्ये कडबा भरायचा आहे, रिकामं करा. आणि पोरं ज्याच्या त्याच्या वस्तीत बसवा.

"सोड नाद," धुळाजी म्हणाला. "परमुलखात हाव आपण."

"मुलूख सोडला मामा, जीभ न्हाई सोडली," मायव्वा म्हणाली. "तू कपिलधारच्या देवळाला जा आन् बेलाची पानं आण. कावून ते इचारू नको."

इकडं बेलभंडारा म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. ताटात हळदीचा भंडारा, वर बेलाचं पान. ते उचलून जो बोलला तो बोलाला बांधला गेला. खोटं बोलला तर देव बघून घेतो. संघाच्या मागच्या निवडणुकीत सुंदररावांनी गावोगाव हेच ताट फिरवलं होतं. माणसं बांधली आणि पॅनेल निवडून आलं.

सभासदांची बैठक छावणीतच होती. मायव्वा आत गेली, चेअरमनच्या टेबलावर आपलं ताट ठेवलं आणि कमरेच्या पिशवीतला बिरोबाचा भंडारा तिनं त्यात ओतला; थोडा टेबलावर सांडला. ताटात वर पान ठेवलं.

"आण्णा, उचला," ती म्हणाली. "शेड कडब्यासाठीच पायजे, एवढं म्हणा. आमी आत्ता निघतो."

सुंदरराव हसले. "अगं येडे, हे देवाचं काम हाय. शेडसाठी असलं करतेत व्हय?"

"मतासाठी करतेत?"

मागं कुणीतरी खोकलं. सुंदररावांचं हसू गेलं. "कुठली कोण तू. तुला कामावर ठिवलं कुणी?"

"तुमीच. म्हणून तर तुमाला इचारते."

सुंदररावांनी आधारासाठी विठ्ठलरावांकडं पाहिलं. तक्रार त्यांचीच होती. विठ्ठलराव ताटाकडं बघत होते.

"उचला की आण्णा," ते सावकाश म्हणाले. "आमच्या म्होरं ताट धरलंत, तवा आमी कावून म्हणून इचारलं न्हाई."

सुंदररावांचा हात टेबलापर्यंत आला आणि चष्म्याकडं गेला. पुसून झाल्यावर त्यांनी तो खिशात घातला.

"कडबा वजनकाट्याच्या बाजूला उतरवा," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. मग मायव्वाला: "आन् तू. छावणी हाय तवर. त्याच्या म्होरं मला दिसायची न्हाईस."

"दिसले तर वळखा म्हंजे झालं," मायव्वा म्हणाली.

सकाळी टँकर आला. विठ्ठलराव पोरीच्या मागं येऊन उभे राहिले.

"जोडी तेवढी बदल," ते मायव्वाला हळूच म्हणाले. "तुझ्यासाठी काल लई बोललो मी."

"खरं बोललात. माझ्यासाठी न्हाई बोललात." तिनं ड्रम पुढं सरकवला. "सत्यभामा, जमुना. तुमचा लंबर."

विठ्ठलराव म्हशी बघायला गेले. पोरींनी ड्रम उचलला.

ताट मायव्वानं आदल्या दिवशीच परत आणलं होतं. चेअरमनच्या टेबलावर सांडलेला भंडारा मात्र तिनं पुसला नाही. दुसऱ्या कुणाचीही पुसायची छाती झाली नाही. त्या उन्हाळ्यात सुंदररावांच्या पांढऱ्या बाहीला रोज थोडी हळद लागायची.