ट्युबाच्या घशातला पंप

“वाजव! अरे वाजव ना! नवरी गाडीत शिजली तिकडे!”

हे आमचे मास्तर. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, पण त्यांचं खरं वाद्य म्हणजे गळा. माणिकपूरला ओरडले तर नालासोपाऱ्यात दूध नासतं. लग्नाची मिरवणूक चर्चच्या अलीकडच्या वळणावर अडली होती आणि लाल कोटातला अख्खा ब्रास बँड माझ्याकडे बघत होता. मी ट्युबा वाजवतो. बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. त्याच्या तोंडात एक बोकड मांडी घालून बसेल आणि वर कुशीवरही वळेल. मी जीव खाऊन फुंकत होतो आणि आवाज येत होता तो म्हशीला उचकी लागल्यासारखा. कारण ट्युबाच्या घशात माझा दम्याचा पंप अडकला होता. आणि माझ्या घशात दमा.

दमा निघाला गेल्या थंडीत. डॉक्टरांनी पंप दिला आणि शिकवलं: हलवायचा, श्वास सोडायचा, दाबता दाबता आत ओढायचा, मग दहा मोजेपर्यंत धरायचा. “सवय वगैरे लागत नाही, घाबरू नका,” म्हणाले. मी कसला घाबरतोय! पहिल्याच फवाऱ्याला हात थरथरले, छाती धडधडली आणि माझ्या मयताला कुठला बँड बोलवायचा ते मी बायकोला सांगून टाकलं. आमचाच.

“आणि ट्युबा कोण वाजवणार?” ती म्हणाली.

नेमकं तिथंच दुखत होतं. ट्युबा माझ्या बापाने वाजवला, त्याच्यानंतर मी. आणि मास्तरांचा जावई त्यावर डोळा ठेवून बसलेला. त्याची छाती अशी की चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत जरा मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं तरी शर्टाची बटणं पुढच्या बाकावर उडतात. फुंकणाऱ्याचा श्वास डबीतून येतो हे मास्तरांना कळलं, की ट्युबा जावयाच्या घरी.

म्हणून मी शक्कल काढली. पंपाला दोरी बांधून तो ट्युबाच्या तोंडात आतून लटकवला. वाजवण्याआधी डोकं आत घालायचं, फुस्स, दहा मोजायचे, फुस्स, पुन्हा दहा, आणि डोळे पुसत बाहेर यायचं.

लोकांना दिसलं ते भलतंच. माणूस वाद्यात डोकं घालून निश्चल उभा राहतो आणि ओल्या डोळ्यांनी बाहेर येतो! एका लग्नात एका म्हातारीने माझ्याकडे बघून क्रूसाची खूण केली. पुढच्या लग्नाला ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेटात नाक खुपसलं. मग ढोलवाला ढोलावर कपाळ टेकू लागला. मास्तर तर मास्तर! क्लॅरिनेटच्या भोकात डोकं जात नाही, म्हणून ते एक डोळा लावून उभे राहायचे. ईस्टरनंतर लग्नं ठरवायला येणारे विचारायला लागले, “ते आधी नमस्कार करणारे बँडवाले तुम्हीच ना?”

आणि त्या दिवशी, चर्चच्या वळणावर, दोरी तुटली. खांद्यापर्यंत हात घातला, पण पंप हाती लागेना. आधी छातीवर भीती चढून बसली, मग तिच्या मांडीवर दमा. छातीत उरलेल्या हवेत आता फुंकता तरी येणार होतं, नाहीतर बोलता. दोन्ही नाही.

“मास्तर,” मी म्हणालो, “पंप... आत पडला.”

“कसला पंप?”

“दम्याचा. माझा.”

मग चौघांनी ट्युबा उलटा धरून असा हलवला, जणू चिंचा पाडायला झाडच हलवताहेत! आतून दोन सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी पडली, कोणाची तरी हरवलेली रोझरीची माळ पडली आणि शेवटी पंप, टुणटुण उड्या मारत नवरीच्या गाडीपर्यंत गेला. नवरी उतरली. डोक्यावरचा जाळीचा व्हेल सावरत तिने तो उचलला.

“अंकल, तुमचा का हा?”

मी तो घेतला, पुसला, हलवला, सगळ्या गावासमोर तोंडाला लावला. फुस्स! ढोलवाल्याने लगेच मोजायला घेतलं, धडाम, एक! धडाम, दोन! तीनला नवरीकडचे मिळाले, पाचला नवऱ्याकडचे, आणि दहाला मी श्वास सोडला तेव्हा अशा टाळ्या पडल्या की पार तिकडे फुलपाड्याची कबुतरं उडाली असतील.

“वन्स मोअर!” गर्दीतून मास्तरांचा जावई ओरडला.

डॉक्टरांनी दोनच फवारे सांगितलेत, म्हणून आणखी एकच दिला.

हळूहळू छाती सुटली. आम्ही वाजवत नवरी चर्चच्या दारात पोचवली. मास्तर सावलीत बसून क्लॅरिनेट पुसत होते. मी ट्युबा त्यांच्यासमोर उभा केला.

“मास्तर, आता हा जावयाला देणार?”

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

“तुझ्या कोटाला खिसे आहेत.”