बर्फाला घाम सुटेपर्यंत

क्लॅरिसचं माझ्या डोळ्यांत काय खुपायचं ते आधीच सांगून टाकते. सगळंच.

१९८६ साली अंधेरीला, मरोळच्या एका औषधांच्या गोदामात आम्ही लहान मुलांच्या लशींच्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यांत भरायचो. मी तिच्याआधी चार वर्षं लागलेली. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी कशी ओढायची ते तिला मीच शिकवलं. ती तिथल्याच गावठाणातली, बाप भाजी पिकवायचा. केसांत अबोली आणि हाताला घाई म्हणून नाही. फ्रीजरमधून बर्फाच्या पिशव्या काढून ती टेबलावर मांडायची आणि चक्क बसून राहायची.

"घाम सुटू दे गं त्यांना," म्हणायची. "कडक बर्फ लागला तर लस गोठते. मग पोराला टोचून काय उपयोग?"

बाकीच्या बायकाही तिचं ऐकून बसून राहायच्या. चिकटपट्टी कोणी शिकवली ते कोणाला आठवत नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तशात हेड पॅकरची जागा निघाली. आमचे मालक चंद्रप्रकाशसाहेब म्हणाले, "शनिवारी ठरवतो." ती जागा मला हवीच होती. शुक्रवारी संध्याकाळी तिची तीन खोकी होईपर्यंत माझी सात झाली. बर्फ फ्रीजरमधून काढला की थेट खोक्यात.

शनिवारी सकाळी येऊन बघते, तर बाईसाहेब माझ्या खोक्यांच्या पट्ट्या सोलतायत! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तशीच धावत जाऊन साहेबांना घेऊन आले.

"बघा साहेब, विमानाला जाणारी सीलबंद खोकी फोडतेय ही."

साहेबांनी एक बाटली काढून उजेडात धरली. आतली लस पार गोठली होती.

"कोणी भरली ही?"

झाकणावर भरणारीच्या नावाची चिठ्ठी असते. सातही चिठ्ठ्या क्लॅरिसच्या मुठीत होत्या.

"मी भरली, साहेब. घाई झाली," ती म्हणाली.

साहेब तिला नको नको ते बोलून गेले. मी विचारलं, "तुला कळलं कसं?"

"काल तुझं टेबल सुकं होतं ना, सुगंधा."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"तुला ती जागा हवी होती. आणि हेडला बसून बर्फ बघायला कुठे मिळतं गं?"

त्यापेक्षा तिने माझ्या कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. तिचा मनसोक्त राग करायची सोयही तिने ठेवली नाही.

हेड मी झाले. बर्फ बाहेर काढला की "भरू का?" हे बायकांनी मला विचारायला हवं. पण त्या क्लॅरिसकडे बघायच्या. आणि ती मान हलवेपर्यंत मीही तिच्याकडेच बघत उभी राहायचे.