भांगाची भरती आणि हेडक्लार्कची खुर्ची

कचेरीत कुणी काहीही विचारलं की ते आधी तर्जनी ओली करून हवेत धरायचे. डोक्यावर पंखा गरगरत असायचा, पण त्याची दखल न घेता ते खिडकीबाहेर बघत गंभीरपणे म्हणायचे, "आधी पाणी बघू." प्रश्न रजेचा असो की चहाचा, उत्तर हेच.

असा एखादा नमुना तुमच्याही कचेरीत असेल. आमच्याला आम्ही 'नाखवा' म्हणायचो. सांताक्रूझला राहणारा, एकादशी न मोडणारा, चातुर्मासात कांद्यालाही न शिवणारा नाखवा!

हे सगळं साहेबापायी झालं. कंपनी गोऱ्यांची होती आणि साहेबाला गळाचा नाद. त्या काळी खाडीचं पाणी मिठी नदीतून वाकोल्याच्या पलीकडे चढायचं आणि तिवरांच्या झाडीकडेला गळाला जिताडा मासा लागायचा. एकदा साहेबाने विचारलं, रविवारी भरती किती वाजता? आम्ही सगळ्यांनी फायलींत माना घातल्या. नाखव्यांना तिथ्या पाठ. त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब करून वेळ सांगितली आणि ती बरोबर निघाली. पुढच्या रविवारी साहेब त्यांना बरोबरच घेऊन गेला.

नाखवा गेले ते हेडक्लार्कच्या खुर्चीसाठी. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. ती खुर्ची आज ना उद्या रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी आम्ही साहेबाच्या कुत्र्याची मुंजसुद्धा लावली असती. पहिल्या दिवशी गळाला जिवंत कोळंबी लावताना नाखव्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं म्हणे.

पण हळूहळू माणूस हाताबाहेर गेला. फाल्गुन लागला की कामाच्या कागदांवर बोट फिरवत सांगायचे, "आता उधाण नको. उधाणाला पाणी गढूळ होऊन धावतं. अष्टमी-नवमीची, कमी चढणारी भांगाची भरती हवी. सकाळी वारा पडलेला, पाणी संथ, निवळ. मग जिताडा तिवरातून बाहेर येतो."

"आणि धरल्यावर?"

"सोडायचा."

"मग धरायचा कशाला?"

यावर ते आमच्याकडे कीव केल्यासारखे बघायचे.

घरी वहिनींनी मात्र या प्रकाराला कधी नाव दिलं नाही. "ह्यांना रविवारी साहेबाचं काम असतं," एवढंच शेजारणींना सांगायच्या. नाखवा परत आले की मागच्या दाराशी घंगाळात गरम पाणी तयार. अंघोळ केल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. नवरा हेडक्लार्क होणार, या आशेवर त्या माउलीने तो वास किती वर्षं सोसला.

मग साहेब विलायतेला गेला. जाताना नाखव्यांना गळाची काठी दिली; खुर्ची तेवढी द्यायची राहिली.

नवा साहेब आपला होता, आणि त्याला होमिओपथीचा नाद. महिनाभरात कचेरीत रोगराई पसरली. कालपर्यंत दगड पचवणारे लोक पोट धरून साहेबाच्या खोलीबाहेर उभे राहू लागले. मी स्वतः एक बरीशी पोटदुखी काढली, पण रेकॉर्ड सेक्शनच्या एकाने थेट अर्धशिशी आणली आणि आम्ही सगळे फिके पडलो.

नाखव्यांना मात्र काही म्हणता काही होईना. वहिनींनी मला घरी बोलावून घेतलं. "भावोजी, तुम्ही तरी समजवा. नुसतं डोकं दुखतं म्हणा म्हणावं. एकदाच."

नवल म्हणजे साहेबानेच संधी दिली. चैत्रातल्या एका शनिवारी आमच्या टेबलांपाशी थांबून त्याने नाखव्यांचं रापलेलं तोंड न्याहाळलं. "ऊन बाधलंय तुम्हाला. उद्या सकाळी घरी या, प्रकृती लिहून घेतो. मग त्या जागेचंही बोलू."

सगळी कचेरी कान टवकारून बसली. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

"उद्या नाही जमायचं, साहेब," नाखवा अगदी नम्रपणे म्हणाले. "पाणी फार छान आहे उद्या."

रविवारी सकाळी मी माझी पोटदुखी घेऊन साहेबाकडे गेलो, तर तिथे अर्धशिशीवाला पेढे वाटत होता. दोन पेढे खाऊन मी तडक वाकोल्याच्या पलीकडे गेलो. नाखवा गुडघाभर चिखलात उभे होते. धोतराचा काचा मारलेला, नजर दोरीवर. मी काठावरूनच खुर्ची गेल्याची बातमी सांगितली.

त्यांनी दोरी थोडी ओढून घेतली. मग मागे न वळता म्हणाले, "हिला तुम्हीच सांगता का? मला नाही जमायचं. पाणी पुरतं उतरलं की येतो मी."

मला त्यांचा राग आला होता. पण त्या पाठीकडे बघितलं आणि मी त्यांच्या घराची वाट धरली.

वहिनी मागच्या दाराशी बंब पेटवत होत्या. मी सांगितलं. त्यांनी हातातली ढलपी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. आता रडतील किंवा नवऱ्याचा उद्धार करतील म्हणून मी चपलांकडे बघत उभा राहिलो.

"आज मिळाला का हो त्यांना?" त्यांनी हळूच विचारलं.

मला कुठे ठाऊक होतं? जिताड्याची लांबी दाखवावी तसे मी दोन्ही हात फाकवले, आणि त्या बघताहेत असं दिसल्यावर आणखी थोडे फाकवले.