जेवणघरातली उपबैठक

अंगाने काडीसारख्या असूनही आम्ही त्यांना ‘गोल मॅडम’ म्हणायचो. कुठल्याही दालनात शिरल्या की त्या आधी पाहुण्यांचं लांबलचक टेबल बाहेर काढायला लावायच्या आणि खुर्च्या गोलात मांडायच्या. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, “उंचावर बसायचं असेल तर मुख्य सभागृहात जा. तिथे हारसुद्धा मिळतात.”

मॅडम विश्रांतवाडीच्या, प्रोबेशन अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. पुण्यात फौजदारी न्यायावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा तिच्या उपबैठका त्यांच्याकडे आल्या. मोठी भाषणं मुख्य सभागृहात, आणि बाजूच्या खोल्यांत मोजक्या माणसांनी बसून एकेका प्रश्नाचा निकाल लावायचा. नोंदणीचं सॉफ्टवेअर आमच्या हिंजवडीच्या कंपनीने केलं होतं, म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं. मला वाटलं संगणक सांभाळायचाय. पहिल्या दिवशी मी फक्त खुर्च्या उचलल्या.

त्यांचा एक नियम होता. “कोर्टाची पायरी जो पगारासाठी चढला नाही, तो आधी बोलेल.” त्यामुळे न्यायाधीश आणि प्राध्यापक मुकाट बसायचे, आणि सुरुवात एखादा सुटून आलेला कैदी करायचा. शाल-श्रीफळ घेऊन कुणी डोकावलंच तर मॅडम त्याला दारातूनच परत पाठवायच्या.

वारज्याच्या सुशीलाबाईंची बैठक शेवटच्या दुपारी होती. बाई धुणंभांडी करायच्या. नवरा गेलेला, आणि एकुलता एक मुलगा खटला उभा राहण्याची वाट पाहत तुरुंगात. भेटीला गेलं की मध्ये दोन जाळ्या, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओरडणारी माणसं. शेजारी बसून चार शब्द बोलता यावेत, एवढंच त्यांचं मागणं. ते ऐकायला मॅडमनी परदेशी तुरुंग अधिकारी मुद्दाम बोलावले होते.

पण मुख्य सभागृहात सत्कार संपेनात. आपल्याकडे पाहुण्याचा सत्कार झाला की सत्कार करणाऱ्याचाही करावा लागतो. शेवटी परिषदेचे चिटणीस आले आणि म्हणाले, बैठक रद्द, आता थेट जेवण. संध्याकाळी शिफारशी पक्क्या होणार होत्या, म्हणजे बैठक गेली की बाईंचं मागणंही गेलं. मला चिटणीसांचा मनापासून राग आला.

मॅडम भांडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “पुण्यात एक वाजता माणूस न्याय सोडेल, जेवण सोडणार नाही. उचला खुर्च्या.”

आम्ही जेवणघरातच गोल मांडला. ताट घेतलेल्या माणसाला बसायला दुसरी जागाच ठेवली नाही. पाहुणे आले आणि निमूट बसले. सुशीलाबाई बोलू लागल्या, मॅडम इंग्रजीत सांगू लागल्या. एका परदेशी अधीक्षकाने विचारलं, इतक्या गोंगाटात मुलाचं बोलणं कळतं कसं?

“व्हट हलत्यात तेवढं दिसतं,” बाई म्हणाल्या. “पोरगा आत गेल्यापास्नं त्याचा आवाज काय ऐकला नाय.”

अधीक्षकाने ताट खाली ठेवलं. पुन्हा वाढून घ्यायला कुणी उठलं नाही, आणि त्या दिवशी गुलाबजाम होते. संध्याकाळी बाईंचं मागणं शिफारशींत आलं. पुढे चिटणीसांनी अहवालात या बैठकीला आपली अभिनव कल्पना म्हटलं. मी चिडलो, तर मॅडम हसून म्हणाल्या, “घेऊ देत श्रेय. आता ते स्वतःच तिची राखण करतील.”

खरं तर राखण मॅडमनीच केली. ती शिफारस घेऊन त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या, आणि बऱ्याच खेपांनंतर तुरुंगात बाकं मांडलेली एक खोली भेटींसाठी मिळाली.

मॅडम जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला बरंच वाटतं, आणि डोळ्यांपुढे येते ती एक दुपार. मी त्यांच्या घरी ईमेल सुरू करून देत होतो. त्या खोलीतली पहिली भेट आटोपून सुशीलाबाई तुरुंगातून थेट तिथेच आल्या. मॅडमनी पाणी दिलं आणि विचारलं, “काय म्हणाला मुलगा?”

बाईंनी पाणी तसंच हातात धरलं. म्हणाल्या, “काय बोलला ते ध्यानातच नाय राहिलं, मॅडम. आवाज पार त्याच्या बापावानी झालाय.”