तलावाच्या पाळीवरची पवनचक्की

खैरलांजीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत संघमित्रा अतिथी शिक्षिका होती. नेमणूक दर साली नव्यानं व्हायची, त्यामुळे पुढच्या साली आपण इथं असू की नाही, हे तिला कधीच ठाऊक नसायचं. राज्य हिंदी म्हणून शाळा हिंदीची, पण पोरांच्या घरी मराठी. कुणी अडलं की ती त्यांच्याच बोलीत समजावून सांगायची.

त्या फाल्गुनात तिनं पाचवीच्या पोरांना पवनचक्क्या करायला लावल्या. मोडक्या खेळण्यांतल्या मोटरी जमवल्या, पाती जोरात फिरली की लागेल असा बारका लाल दिवा प्रत्येकीला जोडून दिला आणि सगळ्यांना घेऊन ती तलावाच्या पाळीवर गेली. राजूची पत्र्याची पाती जड पडली, जागची हललीच नाहीत. मयुरीची पुठ्ठ्याची पाती वाऱ्यानं दुमडली. खुशीनं बांबूच्या कामट्यांवर प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे बांधले होते. तिची चक्की फिरली, पण दिवा काही लागेना.

"मॅडम, फिरून तं राह्यली, मग बत्ती काहून नाही जळत?"

"हळू फिरते ना. पाती थोडी तिरपी करून पाह्य."

खुशीनं पाती वाकवली. चक्की आणखीच मंदावली.

"लय तिरपी झाली. मागं घेतो थोडी," खुशी म्हणाली.

दुपार कलेपर्यंत तिचं हेच चाललं होतं. मग एक जोराची झुळूक आली आणि दिवा मिणमिणला. पोरांनी एकच ओरडा केला.

तहसीलच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र खुशीच्या चक्कीला जागा मिळाली ती बंद हॉलमध्ये. त्यात लाइट गेलेली, पंखा बंद. "दोन मिनिटं अंगणात नेऊ द्या," संघमित्रानं विनवलं. प्रदर्शन पाहायला आलेल्या पाहुण्यांना पुढे जायचं होतं. खुशी गाल फुगवून पात्यांवर फुंकत राहिली. शेवटी संघमित्राही तिच्याशेजारी वाकून फुंकू लागली. पाहुणे हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

उन्हाळ्यात हेडमास्तर घनश्याम सरांनी तिला बोलावलं. पोरं कमी म्हणून शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करणार होते.

"आणि मी, सर?"

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "वहाँ टीचर पूरे हैं, बेटा."

तरी ती घरोघर फिरली. निदान पोरांची नावं तरी त्या मोठ्या शाळेत घातली जावीत, एवढंच तिला वाटत होतं. खुशीच्या घरी तिची आई चंपाबाई बोचकी बांधत होती.

"आमी नागपूरले चाललो, मॅडम. बिल्डिंगच्या कामाले. लहान्याले पाहाले खुशी लागते."

"तिकडं शाळेत टाकजा तिले."

"टाकू ना," चंपाबाई म्हणाली, पण तिनं मान वर केली नाही.

भावाला कडेवर घेऊन खुशी दारात उभी होती. मॅडम आल्याचं तिला अप्रूप वाटलेलं दिसत होतं. संघमित्रानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चांगलं काहीतरी बोलावं म्हणून तिनं पुष्कळ शोधलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "उन्हात फिरू नको."

सुट्टी संपून ती मोठी शाळा उघडली तेव्हा मधल्या नाल्याला पाणी होतं. या गावची दोन-चार पोरं जायची, तीही वडिलांच्या मोटारसायकलवर जमेल तशी. संघमित्रा तेव्हा सासूबरोबर रोवण्याला जाऊ लागली होती. बांधीतल्या चिखलात वाकून धान लावताना एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "मॅडम, औंदा शाळा नाही का?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिनं रोपांची पुढची जुडी सोडली.